निकोटिनिक रिसेप्टरवरची औषधं धडधाकट माणसाला डोकं चालवायला द्यावीत का?

भंवरकुआंकर:
आमच्या इथं इंदूरच्या भंवरकुआंला पीएससीवाल्यांच्या लायब्रऱ्यांमधे आता निकोटिनचं च्युइंगम चघळत बसलेली पोरं दिसतात, आयुष्यात सिगरेट न ओढलेलीसुद्धा, आणि मोठी माणसं लगेच व्यसन व्यसन करून ओरडतात. निकोटिन सोडा हो, ते जुनं झालं. खरी गंमत निकोटिन मेंदूत ज्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेला, चिकटतं त्याच्यावर नेम धरून बनवलेल्या औषधांत आहे. मेंदूत असिटिलकोलिनचे (पेशींमधे निरोप नेणारं रसायन) जे निकोटिनिक रिसेप्टर असतात त्यातले दोन मुख्य, अल्फा-४ बीटा-२ आणि अल्फा-७, लक्ष आणि स्मरणशक्ती या दोन्हींत त्यांचा हात. २०१० मधे हेशमन आणि मंडळींनी १९९४ ते २००८ मधले ४१ डबल-ब्लाइंड प्रयोग (खरं कोणाला, खोटं कोणाला हे देणाऱ्यालाही माहीत नसतं असे) एकत्र तपासले, तलफ भागल्यामुळे बरं वाटलं असा घोळ होऊ नये म्हणून न ओढणारे किंवा नुकतीच ओढून आलेले लोकच धरले, तरी लक्ष, रिअ‍ॅक्शन टाइम, थोड्या वेळापूर्वीचं आठवणं हे सगळं सुधारलेलं निघालं. २०१२ मधे न्यूहाउस यांनी विसरभोळेपणा सुरू झालेल्या ७४ जणांवर, सगळे न ओढणारे, सहा महिने प्रयोग केला, काहींना रोज १५ मिलीग्रॅमचा निकोटिन पॅच आणि बाकीच्यांना खोटा. पॅचवाल्यांचं लक्ष सुधारलं. मग याच जातीचं जास्त नेमकं औषध धडधाकट माणसाने घेतलं तर बिघडलं कुठं? चहा चालतो, कॉफी चालते, मग हेच का नाही? बोला.

दवाबाजारवाले काका:
भिया, तू जे मागतोयस ते दवा बाजारात मिळतच नाही तर घेणार कुठून. २ मिलीग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय देतो आम्ही, ते सिगरेट सोडणाऱ्यांसाठी आहे, बस. परवा एक पोरगा मोबाईलवर कसल्याशा पावडरचं नाव दाखवून विचारत होता, नाव कसलं, नुसती अक्षरं आणि आकडे. ज्या औषधाला अजून धड नावसुद्धा नाही ते तोंडात टाकायची हिंमत होते कशी हेच कळत नाही मला.

फार्माताई:
काका, नाव नाही कारण बहुतेकांचं बारसं व्हायच्या आतच काम तमाम झालं.

भंवरकुआंकर, तुम्ही न्यूहाउसचं अर्धंच सांगितलंत. त्या ७४ जणांत लक्ष सुधारलं हे खरं, पण डॉक्टरांनी एकंदर माणूस बघून जे मूल्यमापन केलं त्यात पॅचवाल्यांत आणि खोट्या पॅचवाल्यांत ठोस फरक निघाला नाही. हेशमनमधल्या सुधारणापण बटण किती झटकन दाबलं, चुका किती केल्या असल्या टेस्टमधल्या आहेत. त्यावरून पीएससीच्या मेन्सला निबंध चांगला लिहाल हे कुठून काढलंत? आणि मुळात ज्याचं लक्ष कमी त्याला फायदा होतो, ज्याचं आधीच छान चाललंय त्याचं डोस वाढला की उलट बिघडू शकतं, हे न्यूहाउस स्वतःच मांडत आलेत. लायब्ररीत रोज दहा तास बसू शकणारी पोरं यातल्या कुठल्या गटात मोडतात ते तुम्हीच सांगा.

आता औषधांचं. टार्गासेप्ट नावाची कंपनी सन २००० मधे आर. जे. रेनॉल्ड्स या सिगरेटवाल्यांच्याच पोटातून निघाली, म्हणजे ज्यांनी फुप्फुसं घालवली तेच मेंदू द्यायला निघाले (हे मला कायमच भारी वाटत आलंय). त्यांचं टीसी-५६१९ हे अल्फा-७ वरचं औषध २०१३ मधे स्किझोफ्रेनियाच्या फेज-२ मधे, म्हणजे माणसांवरच्या ट्रायलच्या दुसऱ्या टप्प्यात, आपटलं. अ‍ॅबटचं एबीटी-१२६ गेलं. सगळ्यात लांब पोचलं ते फोरम कंपनीचं एनसेनिक्लीन, अगदी फेज-३ पर्यंत. सप्टेंबर २०१५ मधे अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणारं सरकारी खातं) अल्झायमरच्या ट्रायल थांबवल्या कारण काही पेशंटना पोटाचे गंभीर त्रास झाले, मार्च २०१६ मधे स्किझोफ्रेनियातही बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, आणि पाठोपाठ कंपनीलाच टाळं. अवघड जागा अशी की अल्फा-७ रिसेप्टर औषध लागल्यावर मिलिसेकंदांत बधिर होतो. दारावरची बेल सतत वाजत राहिली की घरातले उठायचंच सोडून देतात, तसं. म्हणून डोस इतका बारीक ठेवायचा की रिसेप्टर बधिर होऊ नये आणि शरीराचं स्वतःचं असिटिलकोलिन आलं की तेवढ्यापुरता हात द्यावा, ही एनसेनिक्लीनची कल्पना होती. छान होती. माणसात चालली नाही.

भंवरकुआंकर:
ताई, सगळी उदाहरणं आजारी मेंदूची दिलीत ना? अल्झायमरमधे पेशीच मरून राहिल्यात, तिथं रिसेप्टरला ढकलून काय होणार. स्किझोफ्रेनियात निम्मे पेशंट आधीच सिगरेट ओढणारे, वर इतर औषधं चालू. तिथं फेल झालं म्हणून निरोगी माणसात फेल, हे कुठलं लॉजिक? उलट जीटीएस-२१ हे औषध बघा. समुद्रातल्या एका जंतातलं अ‍ॅनाबेसीइन नावाचं विष, त्यात बदल करून बनवलेलं. २००३ मधे ते निरोगी पुरुषांना दिलं, त्यांचं लक्ष आणि स्मृती दोन्ही सुधारले. निरोगी पुरुषांना, ताई. आणि २०२४ च्या सप्टेंबरमधे झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम या औषधाला एफडीएची मंजुरी मिळाली की, म्हणजे असिटिलकोलिनचा रस्ता काही बंद नाही.

फार्माताई:
झॅनोमेलिन मस्कारिनिक रिसेप्टरवर काम करतं, निकोटिनिकवर नाही. वेगळं घराणं. दोघांना असिटिलकोलिन चालतं एवढंच नातं, शिवाय मंजुरी स्किझोफ्रेनियासाठी आहे, मेन्ससाठी नाही.

जीटीएसचा तो प्रयोग मला माहीत आहे, १८ माणसं आणि मुख्य हेतू सेफ्टी बघण्याचा. २००८ मधे फ्रीडमन यांनी तेच औषध रुग्णांना दिलं तर बुद्धीच्या टेस्टमधे बनावट गोळीच्या पुढे गेलं नाही. १८ माणसांवर मी माझ्या विद्यार्थ्यांना निबंध लिहू देईन, गोळी घेऊ देणार नाही.

रामबागकर:
आमच्या घरात गॅलान्टामीन, विसरण्याच्या आजारावरचं औषध, चालू आहे, आईंना. तेही याच खात्यातलं ना, असिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम अडवतं आणि निकोटिनिक रिसेप्टरलाही थोडा हात देतं असं डॉक्टर म्हणाले होते. रोज ८ मिलीग्रॅमने सुरू करून महिनाभर थांबायचं मग वाढवायचं, का तर मळमळ. फरक? आईंना वार सांगता येतो आता बहुतेक वेळा. आमच्यासाठी तेवढं खूप आहे. पण सकाळचा पोह्यांचा वास नको होतो त्यांना, इंदूरच्या बाईला! हा सौदा आजारात ठीक आहे. पंचविशीच्या पोराने मार्कांसाठी करावा असं मला नाही वाटत.

जागता_पहारा:
सगळे रिसेप्टरवरच बोलून राहिलेत म्हणून आठवण करून देतो. हे इंदूर आहे. आपल्याच शहरात झालेल्या ट्रायलवरून, पेशंटना धड न सांगता केल्या असा आरोप होऊन, केवढं रान उठलं होतं, मानसिक आजाराचे पेशंटही त्यात होते. २०१२ मधे इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने सुप्रीम कोर्टात याचिका टाकली, पुढे २०१९ मधे नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायलचे नियम आले, संमती, नुकसानभरपाई वगैरे त्यात आहे. आणि आता आपलीच पोरं स्वतः पैसे देऊन, फॉर्मवर सही न करता, भरपाईचा हक्क नसताना, पावडर मागवून स्वतःवर ट्रायल करताहेत. मागच्या वेळी निदान आपल्याला राग तरी आला होता.

भंवरकुआंकर:
भाऊ, हे तर माझ्याच बाजूचं बोललात. मी पावडर घ्या म्हणतच नाहीये. मी म्हणतोय निरोगी लोकांवर रीतसर, सही घेऊन, मोठी ट्रायल करा. आत्ता कोणी करत नाही कारण अभ्यासात मन न लागणं हा आजार नाही, आजार नाही तर मंजुरी कशाची मागणार, मंजुरी नाही तर कंपनी पैसे कशाला लावेल. म्हणून पोरं चोरून घेतात. दार बंद ठेवलं की लोक खिडकीतून येणारच.

फार्माताई:
ट्रायल करा, मी कधी नको म्हटलं. पण निकालाआधीच हे चहाकॉफीसारखंच आहे म्हणून सांगू नका. चहाने एफडीएला ट्रायल थांबवायला लावली नव्हती.

निवांत_इंदूरी:
काका एक विचारू, सिगरेट सोडायची ती व्हॅरेनिक्लीन पण याच रिसेप्टरवर ना, २००६ पासून मंजूर आहे. मग ती तर सेफ झाली? मिळेल का एक पत्ता?

दवाबाजारवाले काका:
सिगरेट ओढतोस?

निवांत_इंदूरी:
नाही.

दवाबाजारवाले काका:
मग चिठ्ठी कोण लिहून देणार तुला. आणि त्याने जीव कालवतो, रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडतात, घेणारे येऊन सांगतात मला. दुसऱ्या दिवशी मॉक टेस्ट असेल तर बघ बाबा.

भंवरकुआंकर:
काका, स्वप्नांचं जाऊ द्या, माझ्या मुद्द्याचं उत्तर राहिलंच. निरोगी लोकांवर ट्रायल व्हावी की नाही?

जागता_पहारा:
व्हावी. फक्त पहिला नंबर सरकारी वॉर्डातल्या गरिबाचा नाही, ज्यांना मार्क हवेत त्यांच्या घरचा लागावा.