अमेरिकेत गुलामगिरी 1865 मध्ये संपली, मग लुइझियाना राज्यात काळ्या-गोऱ्यांचे रेल्वेचे डबे वेगळे करायला 1890 का उजाडलं?

गंजपेठ_वाचक: 28 नोव्हेंबरला जोतीरावांच्या स्मृतिदिनी वाचनालयात फलक लावायचे आहेत. ‘गुलामगिरी’ 1873 चं, अर्पण अमेरिकेतल्या गुलाममुक्ती करणाऱ्या लोकांना. पुढच्या फलकावर अमेरिकेत नंतर काय झालं ते हवंय. मसुद्यात लिहिलंय, “1865 मध्ये गुलामी संपली आणि लगेच वर्णभेदाचे कायदे आले.” हे बरोबर आहे का? आणि वंशावरून मत नाकारायचं नाही असं 15वी घटनादुरुस्ती सांगत असताना मत काढून घेतलं तरी कसं?

निळी_शाई: दादा, ‘लगेच’ काढा. कायद्यांच्या लाटा दोन, मध्ये मोठा खंड. पहिली 1865-66 ची. दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यात मुक्त झालेल्या माणसाकडे जानेवारीत कामाचा लेखी पुरावा हवा, नसेल तर तो ‘भटक्या’. दंड 50 डॉलरपर्यंत. पाच दिवसांत भरला नाही तर शेरीफ त्याला मजुरीवर देणार, जो कमीत कमी मुदतीच्या बदल्यात दंड भरेल त्याच्याकडे. वॉशिंग्टनच्या काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने) हे 1866-67 मध्ये मोडून काढलं, दक्षिणेत लष्करी अंमल बसवला. 1870 मध्ये त्याच मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा काळा माणूस सिनेटवर गेला. म्हणजे 1873 ची अर्पणपत्रिका भाबडी नव्हती, तेव्हाची स्थिती खरंच तशी होती. 1877 मध्ये लष्कराचा आधार काढला. 1883 मध्ये सुप्रीम कोर्टाने 1875 चा नागरी हक्क कायदा (प्रवासात, खाणावळींत वंशभेद करायला बंदी घालणारा) मोडीत काढला आणि दुसऱ्या लाटेला रान मोकळं झालं.

कायदेकानू: मताचं मी सांगतो. मिसिसिपीची नवी घटना 1 नोव्हेंबर 1890 ची (जोतीराव गेले त्याच महिन्यातली). तिच्या मतदानाच्या कलमांत ‘काळा’ हा शब्दच नाही, सगळी मेख तिथेच आहे. राज्यात दोन वर्षं, मतदारसंघात एक वर्ष राहिलेला हवा. अर्धेलीने शेती करणारा माणूस तर जमीनमालक बदलत फिरतो. डोईपट्टी, म्हणजे मत द्यायचं तर भरावा लागणारा माणशी कर, वर्षाला 2 डॉलर. मागच्या दोन वर्षांची बाकी निवडणुकीच्या वर्षी 1 फेब्रुवारीपर्यंत चुकती करायची आणि मत नोव्हेंबरात द्यायचं. कापसाचा हिशोब शरदात होतो, फेब्रुवारीत घरात उधारीची वही सोडून काही नसतं. भरलीच, तरी पुरावा नऊ महिने सांभाळा. अलाबामाने 1901 मध्ये यावर कडी केली: वर्षाला दीड डॉलर, पण थकबाकी साठत जाणार, 36 डॉलरपर्यंत.

पुढे घटनेतलं कलम वाचा, किंवा ऐकून अर्थ सांगा. अर्थ पटला की नाही, हे ठरवणार नोंदणी अधिकारी. मत जाण्याच्या गुन्ह्यांची यादी तर बघाच: चोरी, जाळपोळ, द्विभार्या होती, खून आणि बलात्कार नव्हते, ते 1968 मध्ये घातले. काळ्यांकडून कोणते गुन्हे होतात याचा गोऱ्यांनी मनाशी अंदाज बांधून केलेली ही निवड. 1898 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सगळं चालवून घेतलं.

फलकावर आकडा हवा तर लुइझियानाचा घ्या. काळे मतदार 1896 मध्ये 1,30,334. नव्या राज्यघटनेनंतर 1900 मध्ये 5,320.

रुळावरून: रेल्वेच्या डब्यांबद्दल. ते वेगळे करणारी लुइझियाना पहिली नव्हे; टेनेसी 1881, फ्लोरिडा 1887, मिसिसिपी 1888. लुइझियानाच्या 1890 च्या कायद्यात वेगळा डबा किंवा मध्ये पार्टिशन, चुकीच्या जागी हट्टाने बसणाऱ्याला 25 डॉलर दंड किंवा 20 दिवस कैद. दुसऱ्या वंशाचं मूल सांभाळणाऱ्या बायांना मात्र सूट! (सोवळं कुठे सैल करायचं हे सगळीकडे ठरलेलं असतं.)

कंपन्यांना जादा डब्याचा खर्च नको होता, त्यामुळे कायदा कोर्टात नेण्यासाठी होमर प्लेसी या काळ्या गणल्या जाणाऱ्या प्रवाशाची अटक संगनमतानेच झाली: 7 जून 1892, न्यू ऑर्लिन्स ते कोव्हिंग्टन, पहिल्या वर्गाचं तिकीट. अटकेसाठी डिटेक्टिव्हही या कायद्याविरुद्ध लढणाऱ्या नागरिकांच्या समितीनेच ठरवलेला. राज्यातल्या राज्यातला प्रवास मुद्दाम निवडला, कारण समितीने आधी असाच बसवलेल्या डॅनियल डेड्यूनचं तिकीट अलाबामाचं होतं आणि आंतरराज्य प्रवासाला हा कायदा लागू नाही म्हणून तो खटला तिथेच संपला. 18 मे 1896 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल कायद्याच्या बाजूने, 7 विरुद्ध 1, विरोधात एकटे न्यायमूर्ती हार्लन. जानेवारी 1897 मध्ये प्लेसीने गुन्हा कबूल करून 25 डॉलर भरले.

फलकावर या निकालावरून रूढ झालेलं ‘वेगळे पण समान’ लिहाल, तर एवढं लक्षात असू द्या की कायद्यातला क्रम ‘समान, पण वेगळे’ असा आहे.

गंजपेठ_वाचक: आभार. शेवटची ओळ “1954 मध्ये सगळे कायदे रद्द झाले” अशी ठेवू का?

कायदेकानू: नको. 1954 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल शाळांपुरता. डोईपट्टी केंद्राच्या निवडणुकांतून 1964 मध्ये गेली, राज्यांच्या निवडणुकांतून 1966 मध्ये.