पती कारागृहात आहेत, स्वतःचा जीव वाचवताना हात उचलला असे सांगतात. त्यांना साथ नेमकी कशी द्यावी?

केळीबाग, रावेर तालुका

माझे पती सात महिन्यांपासून जळगावच्या कारागृहात आहेत आणि त्यांच्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली, म्हणजे खुनाचा, खटला आहे. ज्यांचा जीव गेला ते माझे चुलत दीर. दोन्ही बागांना एकाच सामाईक विहिरीचे पाणी आणि पंपाची वीज बहुतेक रात्रीच येते, त्यामुळे पाळीवरून कुरबुरी जुन्याच होत्या. त्या रात्री आमच्या पाळीला यांनी ठिबकचा व्हॉल्व्ह उघडला, तेव्हा दीर कोयता घेऊन अंगावर आले, पहिला वार यांनी डाव्या हातावर झेलला आणि हाती लागलेल्या टिकावाच्या दांड्याने उलट मारले, असे ते पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत.

मी तिथे नव्हते. आरडाओरडा ऐकून बॅटरी घेऊन धावले तेव्हा दीर पडलेले होते, कोयता व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाण्यात होता आणि यांच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत रक्ताने भिजून काळी दिसत होती. पोलिसांच्या जबाबात मी एवढेच सांगितले. आता मामेसासरे म्हणतात की पहिला वार डोळ्यांनी पाहिला असे कोर्टात सांग, म्हणजे माणूस सुटेल. शवविच्छेदन अहवालात डोक्यावर तीन जखमा आहेत आणि हे म्हणतात की दोनच फटके मारले. त्या एका आकड्याने माझी झोप गेली आहे. माहेरचे परत बोलावत आहेत. मला यांची साथ सोडायची नाही, परंतु साथ देणे म्हणजे नेमके काय करणे, हे मला कळेनासे झाले आहे.

जुना वकील, अमळनेर

ताई, मामेसासऱ्यांचे ऐकू नका, हे आधी सांगतो. तुमचा पहिला जबाब दोषारोपपत्रात आहे आणि सरकार पक्षाची साक्षीदार म्हणून कोर्टात वेगळे बोललात तर सरकारी वकील न्यायालयाच्या परवानगीने तोच जबाब तुमच्यापुढे धरू शकतात. खोट्या साक्षीचा गुन्हा तर वेगळाच, पण त्याहून मोठे नुकसान असे की बायको खोटे बोलली हे दिसले की नवऱ्याची खरी हकीकतही न्यायाधीशांना रचलेली वाटू लागते. वकिलीत मी चांगले बचाव पडताना पाहिले आहेत आणि त्यांतले बरेचसे घरच्या माणसांनी हकीकत "सुधारल्यामुळे" पडले. तुम्ही जे पाहिले ते कमी नाही. पाण्यातला कोयता आणि भिजलेली बाही याच दोन गोष्टी बचावाच्या कामाच्या आहेत, आणि पत्नी म्हणून तुमची साक्ष बचावाकडून घेता येते.

स्वसंरक्षणाचा हक्क संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी भीती निर्माण करणारा हल्ला झाला, तर कलम ३८ प्रमाणे हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत पोहोचतो. मात्र बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही आणि धोका संपला की हक्कही संपतो. म्हणून फटके दोन की तीन, यापेक्षा शेवटचा फटका बसला तेव्हा समोरचा माणूस उभा होता का आणि कोयता त्याच्या हातात होता का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरेल. पडताना डोके दगडावर किंवा पाइपवर आपटूनही जखम होऊ शकते. ते डॉक्टरांच्या उलटतपासणीत निघेल. त्याचा निकाल तुम्ही रात्री अंथरुणात लावत बसू नका.

बचाव सिद्ध करण्याचा भार साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे आरोपीवर असला, तरी तो सरकार पक्षाइतका कडक नसतो. हकीकत संभवनीय आहे एवढे दिसले तरी पुरते. जिवावर बेतलेल्या माणसाकडून सोन्याच्या काट्यावर तोललेल्या प्रतिकाराची अपेक्षा करता येत नाही, हे तत्त्वही न्यायालयांनी मान्य केले आहे; दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल वकिलांना दाखवा. हक्काची मर्यादा सद्भावनेने ओलांडली असे ठरले, तर कलम १०१ च्या अपवादामुळे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जातो आणि शिक्षा कलम १०५ खाली होते. सुटका होईलच असे मी म्हणणार नाही.

आता एक काम करा. हाताला टाके घातले त्या दवाखान्याचा केसपेपर शोधा. आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमेचा खुलासा सरकार पक्षाने दिला नाही, तर ते त्यांच्या विरोधात जाऊ शकते, हे लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या १९७६ च्या निकालापासून चालत आले आहे. तो कागद दोषारोपपत्रात आहे की नाही, हे वकिलांकडून आजच तपासून घ्या. वकिलाची फी झेपत नसेल तर कोठडीतल्या आरोपीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो; त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

धुळ्याची ताई

माझे पतीही याच प्रकारच्या खटल्यात आत होते आणि त्यांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, म्हणून अनुभवाने लिहिते. पहिले कित्येक महिने मी मुलाकातीची मोजकी मिनिटे खटल्याबद्दल विचारण्यात घालवली. काचेपलीकडे फोन कानाला लावून ते तेच तेच सांगायचे आणि आम्ही दोघेही दमून परतायचो. ते बोलणे वकिलांसाठी ठेवा. मुलाकातीत आपले बोलणे खासगी राहील असे धरूनही चालू नका. मी पुढे घराचे हिशेब नेऊ लागले, मुलाच्या शाळेचे, सोसायटीच्या कर्जाचे, आणि त्यांचे मत विचारू लागले. घरात आपले मत अजून लागते हे कळल्यावर माणूस आत टिकून राहतो, एवढे मी पाहिले आहे. कर्ज त्यांच्या नावावर असेल तर मुखत्यारपत्राचे काम वकिलांमार्फत लवकर करून घ्या, कारण केळी कापणीला आली की व्यापारी आणि बँक तुमच्यासाठी थांबणार नाहीत.

माहेरी जायचे की नाही, हे तुमचे तुम्ही ठरवा. मी दोन वर्षे माहेरी राहिले आणि तरीही साथ सोडली नाही.

गिरणाकाठ, चाळीसगाव

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझा थोरला भाऊ बांधाच्या भांडणात गेला आणि मारणाऱ्याने स्वसंरक्षणच सांगितले. त्यांच्या बायकोने नवऱ्याला साथ दिली याचा मला कधी राग आला नाही. राग आला तो त्यांच्या घरून गावात फिरलेल्या एका वाक्याचा, की "त्याची वेळच भरली होती". माझ्या वहिनीने ते वाक्य पिठाच्या गिरणीत उभे राहून ऐकले. ताई, तुमची जाऊ त्याच गावात आहे आणि तिच्या कानावर सगळे जाते. तुमचे पती खरे बोलत असतील, पण ते सांगताना मेलेल्याला राक्षस करू नका. आणि खटला चालू असताना तिच्याकडे मध्यस्थ पाठवू नका. मनात चांगले असले तरी तो साक्षीदारावर दबाव ठरू शकतो आणि त्यात जामीनही अडकतो.

केळीबाग, रावेर तालुका

सर्वांची आभारी आहे. केसपेपर खताच्या पावत्यांच्या डब्यात सापडला; डाव्या हातावर जखम, सात टाके, असे त्यावर लिहिले आहे. मामेसासऱ्यांना मी सांगितले की जे पाहिले तेवढेच सांगेन. ते न बोलता उठून गेले.

मंगळवारी भुसावळमार्गे जळगावला जाऊन मुलाकात घेतली. फटक्यांचे विचारले नाही. लागवडीचा आणि कर्जाचा हिशेब सांगितला, तो त्यांनी नीट ऐकला आणि शेवटी स्वतःहून विचारले, "त्यांच्या बागेला पाणी कोण देतं?" जावेचा भाऊ येतो, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली आणि फोन बराच वेळ कानालाच धरून ठेवला. शुक्रवारी मी केसपेपर घेऊन वकिलांकडे जाणार आहे.