रेलिगेशन : पदावनती, तडीपारी की आणखी काही?

परभणीकर :
आम्ही काही मंडळी शनिवार-रविवारच्या रात्री इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेचे सामने एकत्र बसून पाहतो. त्यांतील दोघे लेस्टर सिटीचे कट्टर पाठीराखे असल्यामुळे २०२४-२५ च्या हंगामात आमच्याकडे गोलांपेक्षा ‘रेलिगेशन’ हाच शब्द जास्त वेळा उच्चारला गेला. वीस संघांच्या गुणतक्त्यातील शेवटचे तीन संघ पुढच्या हंगामात खालच्या श्रेणीत खेळतात, ही व्यवस्था सर्वांना ठाऊक आहे. तिला मराठीत काय म्हणावे, यावर मात्र आमचे एकमत होत नाही. कोणी ‘पदावनती’ म्हणतो, कोणी ‘गच्छंती’, कोणी ‘हकालपट्टी’. एकाने ‘लेस्टरचे आव्हान संपुष्टात’ असेही लिहून पाहिले, पण ते वाचून लेस्टरचे उरलेले सामनेच रद्द झाले की काय, असा समज होतो. संघाचा खेळ सतत बिघडलेला असणे आणि खाली जाण्याची भीती मानगुटीवर बसलेली असणे, या दोन गोष्टींनाही नेमके शब्द हवे आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

अंबाजोगाईकर :
‘आव्हान संपुष्टात’ हा शब्दप्रयोग बाद फेरीच्या स्पर्धेसाठी योग्य आहे. लीगमध्ये तो चुकतो, हे आपण बरोबर हेरले. आपल्याकडे या कल्पनेला शब्द का घडला नाही, याचे कारण भाषेत नसून खेळात आहे. आयपीएलमध्ये शेवटी आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा त्याच स्पर्धेत खेळतो. फुटबॉलची इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली, तिच्यातही पहिली दहा वर्षे खाली जाण्याची तरतूद नव्हती. रणजी करंडकात एलिट आणि प्लेट असे गट आहेत खरे, पण त्यांतील चढउताराची चर्चा चहाच्या टपरीपर्यंत कधी पोचली नाही. जी गोष्ट लोकांच्या जिवाला लागत नाही, तिला लोक शब्द देत नाहीत.

‘पदावनती’ला माझा विरोध आहे, आणि तो केवळ शब्द कचेरीतला आहे म्हणून नाही. १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियमांत कर्मचाऱ्याला खालच्या श्रेणीत आणणे ही शिक्षा म्हणून सांगितली आहे. म्हणजे पदावनत करणारा एक अधिकारी असतो, चौकशी असते, ठपका असतो. लेस्टरवर कोणी ठपका ठेवला होता? ३८ सामन्यांत २५ गुण झाले आणि संघ अठराव्या क्रमांकावर राहिला, एवढेच घडले. ‘हकालपट्टी’ आणि ‘गच्छंती’ या शब्दांतही कोणीतरी बाहेर काढल्याची सूचना आहे. प्रशिक्षकाला ते शब्द खुशाल लावावेत; लेस्टरने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टीव्ह कूपर यांना दूर केले, ती गच्छंतीच होती.

उदगीरकर :
गुरुजी, मूळ इंग्रजी शब्दातही ‘कोणीतरी पाठवणे’ हाच अर्थ आहे, हे ध्यानात घ्यावे. रोमन कायद्यात हद्दपारीचे दोन प्रकार होते. कठोर प्रकारात माणसाचे नागरिकत्व आणि मालमत्ता दोन्ही जात. ‘रेलेगातिओ’ हा सौम्य प्रकार होता, त्यात ठरावीक ठिकाणी जाऊन राहावे लागे, पण नागरिकत्व टिकून राही. कवी ऑव्हिड याला इसवी सन ८ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला पाठवले, तेव्हा आपण या सौम्य प्रकारातले आहोत, हे तो आग्रहाने सांगत असे.

आपल्याकडे याला तंतोतंत जुळणारा शब्द तयार आहे : तडीपारी. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यानुसार माणसाला जास्तीत जास्त दोन वर्षे जिल्ह्याबाहेर काढता येते. त्याचे घरदार त्याचेच राहते आणि मुदत संपली की तो परत येतो. लेस्टर २०२३ मध्ये खाली गेले, एका हंगामात खालची श्रेणी जिंकून २०२४ मध्ये परत आले आणि २०२५ मध्ये पुन्हा गेले. ‘लेस्टर तडीपार’ असे म्हटले की गावातल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

अंबाजोगाईकर :
समजेल, पण भलतेच समजेल. तडीपार म्हटले की ऐकणारा आधी ‘गुन्हा काय?’ असे विचारतो. मूळ लॅटिन अर्थ कितीही जुळत असला, तरी इंग्लंडमध्ये तो शब्द आज ज्या अर्थाने वापरतात, तो आपल्याला हवा आहे. आजोबांच्या नावावरून नातवाचा स्वभाव ठरत नाही.

त्या व्यवस्थेचा इतिहासही याच बाजूने बोलतो. इंग्लंडमध्ये १८९२ मध्ये दुसरी श्रेणी सुरू झाली, तेव्हा वरच्या श्रेणीतले तळाचे आणि खालच्या श्रेणीतले वरचे संघ यांच्यात फुटबॉलचेच ‘कसोटी सामने’ होत, आणि कोणाला वर घ्यायचे यावर क्लबांचे मतदानही होई. त्या काळी कोणीतरी खरोखरच पाठवीत असे, असे म्हणता येईल. १८९८-९९ च्या हंगामापासून हा प्रकार बंद झाला आणि चढणे-उतरणे गुणतक्त्यावरून आपोआप ठरू लागले. तेव्हापासून पाठवणारा कोणी उरला नाही, म्हणून मराठीतले क्रियापदही अकर्मक हवे : घसरणे, उतरणे, जाणे.

‘पदावनती’ला योग्य जागा आहे, ती युव्हेंटसच्या बाबतीत. २००६ मध्ये हा संघ इटलीच्या तक्त्यात सर्वांत वर होता. पंचांच्या नेमणुकांत ढवळाढवळ केल्याच्या प्रकरणात त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले आणि त्याला दुसऱ्या श्रेणीत टाकण्यात आले. तेथे अधिकारी होता, चौकशी होती, ठपका होता. युव्हेंटसची पदावनती झाली, असे मी डोळे मिटून लिहीन.

पैठणकर :
आणखी एक भेद आपण विसरतो आहोत. हंगाम चालू असताना शेवटच्या तीन जागांत असणे वेगळे, आणि हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष खाली जाणे वेगळे. इंग्रजीत पहिल्या अवस्थेला ‘रेलिगेशन झोन’ म्हणतात. मराठीत ‘धोक्याचे क्षेत्र’, ‘धोक्याची पातळी’ असे काहीबाही चालते. ‘धोक्याची पातळी’ ही पुराची असते आणि पुरात पाणी चढते. येथे तर संघ खाली चालला आहे.

आमच्याकडे यासाठी रोजच्या वापरातला शब्द आहे : जोत्याखाली. उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत ‘अमुक इतके प्रकल्प जोत्याखाली’ अशी बातमी असतेच. धरणातून पाणी सोडण्याच्या दाराची जी खालची कड, तिच्याखाली पातळी गेली की उरलेले पाणी आपल्या बळावर कालव्यात येत नाही; ते उपसावे लागते. म्हणजे पाणी संपलेले नसते. जायकवाडीचा उपयुक्त साठा शून्य टक्के असे आपण वाचतो, तेव्हाही धरणात ७३८ दलघमी (दशलक्ष घनमीटर) मृतसाठा असतो. एखादा पाऊस चांगला झाला की पातळी पुन्हा जोत्याच्या वर येते. लेस्टर २०१४-१५ मध्ये नाताळाच्या वेळी सर्वांत तळाला होते. शेवटच्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकून ते वर आले आणि पुढच्याच हंगामात विजेते झाले. नाताळाला लेस्टर जोत्याखाली होते, असे म्हटले की त्यात बुडण्याचा निकाल नाही आणि खोटा दिलासाही नाही.

लातूरकर :
भाऊ, शब्द झकास आहे. ज्यांनी २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पाहिले आणि मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी भरले, त्यांना तो अधिकच भिडेल. मात्र कोकणातल्या वाचकाला जोते म्हणजे घराचा चौथराच आठवेल, एवढी अडचण राहते. ती राहू द्यावी, असे माझे मत आहे. पुण्या-मुंबईचे शब्द आम्ही समजून घेतो, एखादा आमचा त्यांनी समजून घ्यावा.

गुरुजींच्या ‘उतरणे’वर मात्र माझी हरकत आहे. ‘लेस्टर उतरले’ असे वाचले की मराठी वाचक ‘मैदानात उतरले’ असेच समजणार. ‘घसरणे’ही पुरत नाही, कारण पाचव्या क्रमांकावरून नवव्यावर आलेला संघही घसरलेलाच असतो. आपण लोक रोज काय बोलतो ते पाहावे : सरपंचपद गेले, आमदारकी गेली, खुर्ची गेली. कोणी घेतली, हे सांगायचे नसते किंवा सांगण्यासारखे नसते, तेव्हा आपण ‘गेली’ म्हणतो. त्याच चालीवर ‘लेस्टरची श्रेणी गेली’ असे म्हणावे. २० एप्रिल २०२५ रोजी घरच्या मैदानावर लिव्हरपूलकडून १-० असे हरल्यावर लेस्टरची श्रेणी गेली. या वाक्यात मला कोठे अडखळल्यासारखे वाटत नाही. याची दुसरी बाजूही सहज मिळते : श्रेणी राखली. निवडणुकीत अनामत राखणारा उमेदवार जिंकलेला नसतो, तरी लाज वाचलेली असते. त्याच हंगामात टॉटनहॅम सतराव्या क्रमांकावर राहिले, २२ सामने हरले, तरी त्यांनी श्रेणी राखली. वर युरोपा लीगचा करंडकही जिंकला, हा भाग निराळा.

नामच हवे असेल तर ‘रेलिगेशन’ तसेच ठेवावे. पेनल्टी, कॉर्नर, ऑफसाइड पचले, हाही पचेल. क्रियापद मराठी असले म्हणजे वाक्य मराठी राहते.

अंबाजोगाईकर :
‘श्रेणी गेली’ मला मान्य आहे. ‘उतरणे’ मागे घेण्यास हरकत नाही.

नांदेडकर :
परभणीकरांच्या भीतीबद्दलच्या प्रश्नाकडे सर्वांचे दुर्लक्ष झाले, म्हणून लिहिते. आपल्याकडे भीतीच्या छटा इतक्या आहेत की ‘रेलिगेशनची भीती’ असे सरसकट लिहिणे म्हणजे भरल्या घरी उपाशी राहणे. धाकधूक ही निकाल तोंडावर असताना होते आणि तिच्यात आशेचा अंश असतो. २८ मे २०२३ हा तिचा नमुना म्हणावा : शेवटच्या दिवशी लेस्टर वेस्ट हॅमला २-१ असे हरवत होते, पण तेवढ्याने भागणार नव्हते; तिकडे एव्हर्टनने बोर्नमथविरुद्ध जिंकू नये, अशीही गरज होती. एव्हर्टनने एकमेव गोल करून सामना जिंकला आणि ३६ गुणांवर श्रेणी राखली. लेस्टरची ३४ गुणांवर गेली. त्या दुपारी लेस्टरच्या माणसाला जे होत होते, त्याला धाकधूकच म्हणावे लागेल.

धास्ती ही लांबणारी असते. ती घेतलेली असते आणि माणूस तिच्यासह जेवतो, झोपतो, कामाला जातो. एव्हर्टनच्या पाठीराख्यांनी २०२३-२४ मध्ये ती वर्षभर घेतली होती, कारण आर्थिक नियम मोडल्याबद्दल त्यांचे आधी दहा गुण कापले गेले, अपिलात ते सहा झाले आणि पुढे आणखी दोन गेले. संघ मैदानावर गुण मिळवीत होता आणि कागदावर गमावत होता. धसका मात्र घटना घडून गेल्यावर बसतो. २०२३ मध्ये ज्याला धसका बसला, त्याने २०२४ च्या ऑगस्टपासूनच धास्ती घेतली असणार.

२०२४-२५ मध्ये लेस्टरबाबत यांपैकी कोणताही शब्द फार काळ लागू पडला नाही, असे मला वाटते. सतराव्या टॉटनहॅमचे ३८ गुण आणि अठराव्या लेस्टरचे २५. तेरा गुणांचे अंतर असताना धाकधूक कशाची होणार? उरते ती हबकी किंवा नुसती खिन्नता. दक्षिण किनाऱ्यावरच्या साउथॅम्प्टनची तर सात सामने बाकी असतानाच श्रेणी गेली. शेवटी त्यांचे गुण अवघे बारा झाले.

परभणीकर :
ताई, आमच्या दोघा लेस्टरवाल्यांचे अगदी तसेच झाले होते. मार्चनंतर ते वाद घालीत नव्हते, शांत बसून सामना पाहत आणि उठून जात. आता ‘फॉर्म’ राहिला. ‘सूर हरवला’ पुरेसे आहे का?

उदगीरकर :
सूर फलंदाजाचा हरवतो, कारण सूर एकट्याचा असतो. अकरा जणांचे एकमेकांशी जुळेनासे झाले की ‘लय बिघडली’ म्हणावे, आणि बिघाड त्याच्याही पलीकडे गेला तर ‘घडी विस्कटली’. लेस्टर त्या हंगामात घरच्या मैदानावर लीगचे सलग नऊ सामने एकही गोल न करता हरले. अशा संघाला ‘सुरात नसलेला’ म्हणणे हा सौजन्याचा अतिरेक होय.

‘गोलांचा दुष्काळ’ हा आपल्या क्रीडावार्तांचा आवडता प्रयोगही तपासून वापरावा. लेस्टरला तो शोभतो. परंतु मँचेस्टर सिटी १९३७ चे विजेते होते आणि १९३८ मध्ये त्यांची श्रेणी गेली, तेव्हा पहिल्या श्रेणीतले सर्वाधिक, म्हणजे ८० गोल त्यांचेच होते. तेथे दुष्काळ नव्हता, गळती होती. जितके घातले जवळजवळ तितकेच खाल्ले. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण मी लेस्टरला लावणार नाही, त्या सिटीला लावीन.

लातूरकर :
वर जाण्याला काय म्हणायचे, हेही ओघाने ठरवून टाकावे. ‘बढती’ हा शब्द कोणी सुचवण्याआधीच सांगतो की, गुरुजींनी ‘पदावनती’वर घेतलेला आक्षेप बढतीलाही लागू होतो, ती साहेब देतो.

अंबाजोगाईकर :
लागू होतो. ‘श्रेणी मिळवली’ म्हणावे, आणि पूर्वी तेथे असलेला संघ असेल तर ‘श्रेणी परत मिळवली’. इप्सविचची श्रेणी २००२ मध्ये गेली होती, ती त्यांनी २०२४ मध्ये परत मिळवली आणि लेस्टर, साउथॅम्प्टन यांच्याबरोबर वर्षभरात पुन्हा घालवली. येथे ‘गेली’ म्हणायचे की ‘घालवली’, हे लिहिणारा त्या संघाचा पाठीराखा आहे की नाही, यावर ठरेल.