दुर्मिळ चिनी अक्षरातलं नाव: कौतुक की पोराला शिक्षा?

माळावरचा_मुसाफिर:
परवा इथेच एकाने चिनी मैत्रिणीचं कौतुक लिहिलं. तिने लेकीसाठी जुन्या कोशातून असं अक्षर शोधलं की शाळेतल्या बाईंनाही वाचता येत नाही. वर शेरा असा, की चीन सरकारच्या 2013च्या प्रमाण अक्षरांच्या यादीतूनच नाव ठेवा हा आग्रह म्हणजे दडपशाही. वाचून डोकं उठलं.

अहो, 8105 अक्षरं आहेत त्या यादीत! शेवटच्या गटातली 1605 तर आडनावं, गावांची नावं, शास्त्रातल्या संज्ञा असल्या गरजांसाठीच घेतलेली. एवढ्यात तुम्हाला पोरीचं नाव सापडत नाही? मी शांघायला नोकरीला होतो तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव असंच होतं. ओळखपत्रावर अक्षर नीट, बँकेत त्या जागी चांदणी, विमानाच्या तिकिटावर रोमन स्पेलिंग. पगार अडकला की हा पोलिसांकडून 'हे तिघे एकच' असा दाखला आणायला पळायचा. हौस आजोबांची, चपला नातवाच्या झिजल्या.

शाईपेन:
दोष अक्षराचा की यंत्राचा? संगणकासाठी 1980 साली ठरवलेल्या जीबी 2312 संचात 6763 अक्षरं होती. झू रोंगजींच्या नावातलं 'रोंग' त्यात नव्हतं, आणि माणूस देशाचा पंतप्रधान! तैवानचे यू शी-कुन पंतप्रधान झाले, तर त्यांचं 'कुन' तिथल्या बिग-5 संचात नाही. लोक अक्षराचे तुकडे पाडून 'फांग-फांग-थू' लिहायचे. एकाचा जन्म 1928चा, दुसऱ्याचा 1948चा. आईबापांनी संगणकाला विचारून बारसं करायचं होतं का?

चीनच्या युन्नान प्रांतातल्या लिसू जमातीच्या एका गावात 'न्या' हे आडनाव टाइप होईना, म्हणून लोकांच्या कागदांवर 'या', म्हणजे बदक, लागलं. ऑगस्ट 2023पासून लागू झालेल्या नव्या संचात 87,887 अक्षरं आहेत. म्हणजे जमत होतं, कुणी करत नव्हतं.

माळावरचा_मुसाफिर:
आडनावाचं सोडा, ते कुणी हौसेने घेत नाही. तेवढं दिलं तुम्हाला. बाकी संचात अक्षर आलं, अभिनंदन. बँकेच्या खिडकीमागच्या संगणकात कधी येणार, त्याचाही मुहूर्त काढून सांगा.

चिंचगुळाची_आमटी:
झांग वेई नावाची जवळजवळ तीन लाख माणसं आहेत चीनमध्ये. वांग आणि ली ही आडनावं प्रत्येकी दहा कोटींवर. तिथे आईबापांनी वेगळं अक्षर शोधलं तर नवल काय? आमच्या वर्गात स्नेहल दोन, आडनावही एकच. बाईंनी सोय म्हणून मला 'काळी स्नेहल' केलं. दहावीपर्यंत तेच. एकदा असं नाव घेऊन जगून बघा मुसाफिर, मग चांदणीसुद्धा गोड वाटेल.

पत्रिकावाले_बुवा:
सगळे मूळ कारण सोडून बोलताय. तिकडे जन्मवेळेवरून पंचतत्त्वांपैकी काय कमी आहे ते काढतात. पाणी कमी असेल तर तीन पाण्यांचं, म्हणजे पाण्याची खूण तीनदा असलेलं अक्षर, धातू कमी तर तीन धातूंचं. याला शास्त्र म्हणतात. आपण चरणाक्षर सोडलं आणि त्याची फळं भोगतोय.

शाईपेन:
आर्द्रेचं तिसरं चरण 'ङ', हस्ताचं तिसरं 'ण'. ठेवा की बुवा, 'ङ'वरून एखादं.

पत्रिकावाले_बुवा:
टिंगल करायला अक्कल लागत नाही. माझा नातू हस्ताच्या तिसऱ्या चरणावरचा आहे. पत्रिकेत 'ण'च आहे, शाळेत शंतनू. जन्मनाव वेगळं, व्यवहाराचं वेगळं, ही सोय पूर्वजांनी करून ठेवली आहे. चार इंग्रजी लेख वाचून आम्हाला शिकवू नका.

माळावरचा_मुसाफिर:
घ्या! मी दिवसभर हेच तर सांगतोय. दुर्मिळ अक्षर घराण्याच्या वंशावळीत लिहा, ओळखपत्रावर साधं ठेवा. बुवा माझ्या बाजूने बोलतील असं स्वप्नातही नव्हतं.

पत्रिकावाले_बुवा:
मी कुणाच्याही बाजूने नाही.

शाईपेन:
म्हणजे खरं नाव माळ्यावर आणि सोयीचं नाव दिवाणखान्यात. ही तडजोड नेहमी पोरानेच का करायची? बँकेने का नाही?

माळावरचा_मुसाफिर:
कारण रांगेत पोर उभं असतं, बँक नाही! जपान बघा. 1948पासून नावाच्या कांजीवर, म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरांवर, मर्यादा आहे. आज नित्य वापराची 2136, वर खास नावांसाठी 863. कुणाचं काय अडलं?

चिंचगुळाची_आमटी:
त्याच जपानात 1993 साली एका बापाने मुलाचं नाव 'आकुमा' ठेवायचा हट्ट धरला. आकुमा म्हणजे सैतान. प्रकरण कोर्टात गेलं. आणि दोन्ही अक्षरं यादीतलीच होती हो! तुमच्या यादीने कुणाला वाचवलं?

माळावरचा_मुसाफिर:
यादी अक्षरांसाठी असते ताई, बापाच्या डोक्यासाठी नाही.

पत्रिकावाले_बुवा:
त्या मुलाची जन्मवेळ मिळेल का कुठे?