गावच्या तळ्यातली चिलापी काढायची आहे, खर्चाचं गणित जुळवायला मदत हवी

नमस्कार मंडळी,

मी खानापूर तालुक्यातली. गावचं सव्वा एकराचं तळं यंदा आम्हा बायकांच्या संघानं लिलावात घ्यायचं ठरतंय. ठेका पाच वर्षांचा. अडचण चिलापीची, म्हणजे तिलापिया माशाची. लहानपणी आबा गळ टाकून बसले की मरळ, वाम, मागूर काहीतरी घरी यायचंच. परवा जाळं ओढलं तर टोपलीभर चिलापी आणि मरळ एकच, तीही वीतभर. फार वाईट वाटलं.

चिलापी मूळ आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणलेली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात. दहा-वीस उरल्या तरी तळं पुन्हा भरतं. माझं गणित इथंच अडलंय.

दरवर्षी जाळं ओढायचं तर विक्रीचे पैसे वजा जाता पंधरा हजार पदरचे. उन्हाळ्यात इंजिन लावून तळं आटवायचं, देशी मासे हौदात ठेवायचे, उरल्या डबक्यांत चुना टाकायचा, तर एकदाच सत्तर हजार. पाच वर्षांत दोन्ही जवळपास सारखंच. पण आमचा सांडवा ओढ्याला मिळतो आणि ओढा मलप्रभेला. ऑस्ट्रेलियानं मक्वारी बेटावरचे ससे-उंदीर सुमारे अडीच कोटी डॉलर घालून संपवले, २०१४ मध्ये तसं जाहीरही केलं. तिथं चारी बाजूंना समुद्र आहे. इथं पहिल्याच पावसात चिलापी ओढ्यातून वर चढली तर सत्तर हजार पाण्यात.

एक जण म्हणतात, किलोमागे बक्षीस ठेवा. मला पटत नाही. बक्षिसासाठी कुणी शेततळ्यात चिलापी पाळायला लागलं तर?

आणखी एक. तळं साफ झालं तर फायदा नदीचा, पुढच्या ठेकेदाराचा, सगळ्या गावाचा. पैसे मात्र आमचेच. पंचायतीकडे ठेक्याच्या रकमेत सूट मागायची तर अर्जात हिशोब कसा मांडायचा? असं तळं कुणी आटवलंय का?

प्रतिसाद:

ताई, आम्ही हुक्केरीकडं आटवलंय. आधी सांडव्याला बारीक जाळी बसवा, मगच इंजिनाचं बघा. मरळ चिलापीची पिल्लं खाते. पण भाव चांगला म्हणून ठेकेदार मरळच आधी काढतो आणि चिलापीला रान मोकळं. दोन वर्षं मरळ विकू नका. ते बुडालेलं उत्पन्न खर्चातच लिहा, आणि अर्जात त्याच रकमेची सूट मागा.

धागाकर्ती:

दादा, मरळीचं पटलं, आज संघात बोलते. पण आमच्याकडच्या पावसात जाळी पालापाचोळ्यानं तुंबणार, बांधाची भीती वाटते. रोज साफ करायला माणूस ठेवावाच लागेल. तुम्ही चार महिन्यांची त्याची मजुरी किती धरली होती?