क्लबात मुलांना शिस्त कोणी लावायची? पालकांनी, कमिटीने की वेटरने?

तळ्यातमळ्यात:
आमच्या क्लबाच्या कमिटीने एक ठराव चर्चेला ठेवलाय. मेंबरांच्या मुलांना स्वतःचं कार्ड हवं असेल तर आधी शिष्टाचाराचा वर्ग करायचा. काटा कुठल्या हातात, नॅपकिन कुठे, डायनिंग हॉलमध्ये कुठले बूट चालतात. वर्ग झाला की शिक्का आणि कार्ड.

मी विरोधात मत देणार आहे, कारण खरा प्रश्न या वर्गात कुठे नाहीच. पूलवर लाइफगार्ड ओरडतो, "पळू नका, फरशी ओली आहे." पोरगं मागे वळूनही न बघता म्हणतं, "माझे बाबा मेंबर आहेत." लाइफगार्ड गप्प. तक्रारवहीत मेंबर लिहू शकतो, आपण नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. वेटरची तीच गत. मूल खुर्चीत रेलून मेंबरशिप नंबर फेकतं, चिटवर वडिलांची सही गिरवतं आणि आजोबांच्या वयाच्या माणसाला सांगतं, "ए, लवकर आण." या मुलाला काटा डाव्या हातात धरता येतो, बरं का. उत्तम येतो.

माझी सूचना एवढीच: कर्मचाऱ्याने मुलाला 'आज बस झालं' म्हटलं की कार्ड त्या दिवसापुरतं काउंटरवर जमा. पालकांना हरकत असेल तर नंतर कमिटीकडे लेखी द्यावी.

करडी_छडी:
ऐकायला झकास, चालायचं नाही. नोकरी ज्याची टांगणीला, त्याच्याच हातात तुम्ही शिट्टी देताय. तो ती वाजवणारच नाही. आणि चुकून वाजवलीच, तर पुढच्या महिन्यात त्याची बदली पार्किंगला. मुलं आमची, मग वाईटपणा त्याने का घ्यायचा?

दुसरं, काटाचमच्याला एवढं हसू नका. टेबलावर सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबणं हीसुद्धा दुसऱ्याकडे लक्ष द्यायची सवयच आहे. ज्याला तिथे थांबता येत नाही तो पूलवर काय थांबणार?

नवशिका_गोल्फर:
गोल्फवाल्यांचा अनुभव जरा वेगळा आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे मुलांना स्विंगच्या आधी वागणं शिकवतात. दुसरा कोणी फटका मारत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही. चेंडू कोणाच्या दिशेने गेला की लाज न बाळगता "फोर!" (म्हणजे 'सांभाळा') ओरडायचं. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, निघताना वाळू रेकने सारखी करायची, ग्रीनवर (भोकाभोवतीच्या हिरवळीवर) चेंडूने पाडलेला खळगा बुजवायचा. गंमत म्हणजे रेक फिरवली नाही म्हणून नियमपुस्तकात दंडाचा फटका नाही. २०१९ ला नियम नव्याने लिहिले तेव्हा खेळाडूच्या वागणुकीची अपेक्षा थेट पहिल्याच नियमात आली आणि क्लबांना हवी तर स्वतःची आचारसंहिता करून दंड लावायची मुभा मिळाली. तरी बहुतेक मुलं दंडाच्या भीतीने वाळू सारखी करत नाहीत. आधीच्याने ठेवलेल्या पावलाच्या खड्ड्यात स्वतःचा चेंडू एकदा रुतला की रेक आपोआप हातात येते.

त्यामुळे वर्ग हॉलमध्ये नको, मैदानात हवा, एवढंच.

वाकडी_वाट:
सगळे जण नियम पवित्र धरूनच बोलताय. मेरिलबोन क्रिकेट क्लब १७८७ चा, बायकांना मेंबरशिप द्यायचा ठराव पास झाला १९९८ मध्ये. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबने तर २०१४ उजाडू दिलं. तोवर तिथेही 'आमची परंपरा' हेच उत्तर होतं. उद्या एखाद्या मुलीने "हा नियम का?" विचारलं तर तिला उद्धट ठरवणार की कमिटीवर घेणार?

आणि क्लबात मुलं सर्वांत आधी काय शिकतात ते मी सांगतो: आत कोण आणि बाहेर कोण. मित्राला गेस्ट म्हणून आणायचं, तो बिचारा स्पोर्ट्स शूज घालून येणार, डायनिंग हॉलच्या दारात त्याला अडवणार, आणि मेंबरचं पोर त्याच्या बुटांकडे बघत उभं राहणार. कसला डोंबलाचा शिष्टाचार!

दोघांची_आई:
वाकडी_वाट, त्या प्रसंगात चूक दारवानाची नाही, नियमाचीही नाही. यजमानाची आहे. गेस्टच्या वागण्याची जबाबदारी मेंबरची असते, मग त्याचा अपमान होऊ न देणं हीसुद्धा त्याचीच. माझ्या मुलांना मी एवढंच बजावलंय: ज्याला आणायचंय त्याला आदल्या दिवशी सगळं सांगायचं. विसरलात, तर त्याच्यासोबत तुम्हीही बाहेर लॉनवर बसून खायचं. थोरला एकदा बसला. परत विसरला नाही.

'का' विचारण्याबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. 'पूलमध्ये उतरण्यापूर्वी शॉवर सक्तीचा' ही पाटी आमच्याकडे वर्षानुवर्षं लटकतेय, ढिम्म परिणाम नाही. मग मी पोरांना सांगितलं की पूलचा तो उग्र वास नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात, वास त्यांचा, डोळे झोंबतात तेही त्यांच्यामुळे. दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले. आता शॉवरला ढकलावं लागत नाही, उलट इतरांवर पाळत ठेवतात. (हा नवीनच त्रास.)

करडी_छडी:
ताई, प्रत्येक नियमामागे रसायनशास्त्र नसतं हो. कॉलरचा शर्टच का, याला काय कारण देणार? विंबल्डनला पांढरेच कपडे का? २०२३ पासून महिला खेळाडूंना आतली शॉर्ट गडद रंगाची चालते, कारण पाळीच्या दिवसांतली अडचण त्यांनी बोलून दाखवली आणि आयोजकांना पटली. पण बदल होईपर्यंत कोर्टवर पांढरंच घालत होत्या ना? मुलांनाही हेच शिकवायचं. आधी पाळा, पटत नसेल तर कमिटीला पत्र लिहा.

वाकडी_वाट:
आधी पाळा, मग पत्र लिहा, आणि कमिटी 'विचाराधीन' म्हणून फाइल करेपर्यंत मुलाला दाढीमिशा. चालू द्या.

तळ्यातमळ्यात:
करडी_छडी यांचा पहिला मुद्दा डोक्यातून जात नाही. कर्मचारी शिट्टी वाजवणार नाही, खरंय. पण आमच्याकडे एका खोलीत तो बिनदिक्कत वाजवतो: बिलियर्ड रूममध्ये. तिथल्या मार्करसमोर (टेबल सांभाळणारा, गुण मोजणारा कर्मचारी) कुठलंही पोर 'बाबा मेंबर' म्हणत नाही. परवा एक मुलगा चेंडूपर्यंत हात पोहोचेना म्हणून गुडघा टेबलावर टेकवून चढत होता. मार्करने मोठ्याने काही न बोलता क्यू (खेळायची काठी) काढून घेतला. "स्नूकरमध्ये एक पाय जमिनीवर हवा, नाहीतर फाउल. समोरच्याला कमीत कमी ४ पॉइंट." मग रेस्ट (लांबच्या फटक्याला क्यू टेकवायची दांडी) आणून दिला, तो कापडावर कसा टेकवायचा, क्यू त्याच्या खाचेत कसा बसवायचा ते दाखवलं. मुलगा मुकाट्याने उतरला आणि पुढे तासभर 'काका, हे बरोबर का?' विचारत राहिला.

तिथे तो माणूस शिकवणारा आहे, म्हणून त्याचं ऐकतात. मग कमिटीचा तो वर्ग लाइफगार्ड, मार्कर आणि हेडवेटर यांनीच का घेऊ नये? बाहेरून कोणी सुटाबुटातला तज्ज्ञ आणण्यापेक्षा?

नवशिका_गोल्फर:
अनुमोदन. कॅडींनाही (गोल्फच्या काठ्या वाहणाऱ्यांना) घ्या त्यात.

करडी_छडी:
याला माझा विरोध नाही, पण तीन गोष्टी ठरावात लिहून घ्या. वर्ग घेणाऱ्यांना त्याचे वेगळे पैसे. कार्ड जमा करून घेतल्याची नोंद सेक्रेटरीच्या सहीने, म्हणजे मेंबरचा राग त्या माणसावर निघणार नाही. आणि पहिल्या वर्गाला आईवडिलांनीही बसायचं.

दोघांची_आई:
तिसऱ्या अटीवर ठराव पडणार. आमच्या पत्ते खेळायच्या कार्ड रूममध्ये मोबाइलबंदीची पाटी आहे आणि तिच्याखाली स्पीकरवर बोलणारे अर्धे जण कमिटीतलेच आहेत.