भोपळ्याचा ब्रेड मधे चिकट राहतो त्याबद्दल

वरून छान फुगतो पण मधे चिकट राहतो, असं लिहिलंय तुम्ही. दोष बहुधा पाण्याचा. आपला लाल भोपळा विकतच्या डबाबंद घट्ट गरापेक्षा बराच पाणीदार असतो. फोडी उकडू नका, ओव्हनमध्ये भाजा आणि गर तासभर पंचात टांगून ठेवा, अगदी चक्क्यासारखा. दोन कप मैद्याला एक कप घट्ट गर पुरतो. मैदा घातल्यावर फेटू नका, नुसतं हलक्या हातानं कालवा. १७५ अंश सेल्सिअसला तासभर तरी लागतोच. पहिली ४५ मिनिटं दार उघडू नका, मग मधोमध सुरी खुपसून बघा. दालचिनीबरोबर जायफळ घालाच, घारग्यांची आठवण येते! आणि गरम असताना कापू नका, मुलं कितीही मागे लागली तरी. दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतो.